आचाऱ्याची थंड चूल

नगर जिल्ह्यातील तमाम जेवणाऱ्या, वाढणाऱ्या आणि जेवून झाल्याबरोबर लिंबाखाली आडव्या होणाऱ्या जनतेस अत्यंत जड अंतःकरणाने जाहीर करण्यात येते की, गेली कित्येक वर्षे पाथर्डी तालुक्यात लग्नाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास ज्या छात्या जळत आल्या, त्यामागचा गुन्हेगार अखेर सापडला आहे. तो प्रस्तुत लेखक आहे. त्याचा शोध थांबवावा. तो धुतलेलं धोतर नेसून, हातात झारा घेऊन स्वतःच हजर झाला आहे, आणि त्याला केल्या कर्माचा काडीइतकाही पश्चात्ताप नाही.

म्हणजे एका बाबतीत आहे. ती पुढे येईल.

मी रंगनाथ, धंद्यानं आचारी. वीस वर्षांचा असल्यापासून लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक करतोय, आता पन्नाशीला टेकलो. मधल्या काळात गावच्या जत्रेत दरसाल नाटक व्हायचं, त्यात राजाचं काम मला ठरलेलं. आवाज मोठा आणि पोटही राजाला शोभेल असं, एवढंच त्याचं कारण. पण त्यामुळे एक खोड लागली. मी आमटी ढवळतानासुद्धा समोर प्रेक्षक बसलेत असं धरून ढवळतो. ज्यांनी मला चुलीपाशी पाहिलंय ते सांगतील की मीठ टाकताना मी मान डावीकडे वळवून क्षणभर थांबतो. त्याचा चवीशी काही संबंध नाही.

आमच्याकडच्या लग्नात मान असतो येसराच्या आमटीला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने हे सगळं वेगवेगळं भाजायचं, त्यात खडा मसाला आणि भाजलेली लाल मिरची घालायची आणि दळून आणायचं. हे येसर. लग्नाच्या आठ दिवस आधी बायका ते करतात, आणि त्या गल्लीतून जाणारा माणूस शिंकत शिंकत जातो. लग्नाच्या दिवशी मोठ्या हंड्यात तेलाची फोडणी, वर उकळतं पाणी, आणि त्यात हे पीठ सोडलं की जी पातळ, लालबुंद, वर तेलाचा तवंग आलेली आमटी होते ती भातावर घ्या, भाकरी कुस्करून घ्या नाहीतर नुसती ओरपा. डोळ्यांत पाणी येतं. नवरीच्या आईचं रडणं आणि माझी आमटी, दोन्ही एकाच वेळी सुरू झाल्यामुळे कोण कशासाठी रडतंय हे आमच्याकडे कधी कळत नाही.

आता लग्नात छाती का जळते? आमटी तिखट असते म्हणून, असं लोक म्हणतात. हा माझ्यावर अन्याय आहे. आमटी आरोपी आहेच, पण तिचे साथीदार मोकाट फिरतात. वऱ्हाड पहाटे उपाशी निघतं. उतरल्या उतरल्या रिकाम्या पोटी चहा, परत चहा, पाव्हणे आले म्हणून आणखी चहा. मुहूर्त लांबतो. पंगत बसते तेव्हा माणूस भुकेनं पिसाळलेला असतो आणि पाठीमागे पुढच्या पंगतीची माणसं उभी असतात, ती त्याच्या पत्रावळीकडे टक लावून पाहत असतात. मग तो चावत नाही, नुसता गिळतो. वरून वाढपी आग्रह करतो. उठल्यावर तंबाखू, आणि तंबाखू थुंकून झाली की सावली बघून आडवं.

मी पोटाकडे आचाऱ्याच्या नजरेनं बघतो. पोट म्हणजे पातेलं. त्याला वरून झाकण आहे, पण ते काही घट्ट बसणारं नाही. आत आधीच स्वतःचा एक आंबट, झोंबरा रस असतो. आता हे पातेलं काठोकाठ भरलं, वर कमरपट्टा आवळून मधोमध दाबलं आणि मग आडवं केलं, तर काय होईल? सांडेल. ते जे वर नरड्याकडे सांडतं, ती जळजळ. पुढे एका डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बरोबर आहे. त्यांनी त्याचं एक लांबलचक नावही सांगितलं, पण पातेलं लक्षात ठेवायला सोपं.

ही अक्कल मात्र माझी नव्हे. ती गोदाआक्काची.

गोदाआक्का तिसगावची. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी, किडकिडीत, कपाळ कोरं, आवाज फाटका. भाकरी थापायला आणि येसर करायला मी तिला प्रत्येक लग्नात बरोबर न्यायचो. पहिल्याच लग्नात तिनं माझ्या सहा चुलींच्या शेजारी तीन दगड मांडून सातवी चूल केली आणि ती पेटवलीच नाही. तिच्यावर ओलं फडकं गुंडाळलेला एक माठ ठेवला. त्यात आदल्या दिवशी जाडसर कुटून भिजत घातलेल्या धन्याजिऱ्याचं पाणी. शेजारी मोरावळ्याची बरणी, ज्वारीच्या लाह्यांचा डबा आणि एका वाटीत बडीशेप आणि खडीसाखर.

"आक्का, ही चूल कशाला?" मी विचारलं.

"तू सहा चुलींवर जाळशील. एकीवर मी इझवीन."

माझा संताप झाला. मी तिथे राजाचा संवाद म्हणायला उभा राहावं आणि कुणीतरी प्रेक्षकांना कानात घालायला कापूस वाटत फिरावं, असा तो प्रकार होता. पण चार वाजता बघतो तर पाव्हणे माझ्या चुलींकडे पाठ करून त्या माठापुढे रांगेनं उभे. त्यात नवरदेवाचा मामा होता, भटजी होते, आणि खरं सांगायचं तर त्या रांगेत शेवटी मी होतो.

तेव्हापासून आमची थंड चूल प्रत्येक लग्नात. लोक बोलावणं करतानाच विचारायला लागले, "रंगनाथ, थंडीसकट येनार ना?"

या चुलीपाशी बसून आक्का जे काही सांगायची ते ऐकणाऱ्यानं नीट ऐकायला हवं. पाथर्डीतले एक गुरुजी होते. त्यांची जळजळ बारमाही. ते तिच्यावर चहाचा इलाज करायचे. घोट गेला की दोन मिनिटं बरं वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

आक्का म्हणाली, "गुरुजी, इस्तू इझवायला राकेल वतताय व्हय?"

मग तिनं त्यांना शिस्त लावून दिली. उठल्याबरोबर चहा नाही, आधी दोन घास भाकरी पोटात. एकदम डबाभर जेवायचं नाही, थोडं थोडं. जेवल्यावर शंभर पावलं चालायचं. रात्रीचं जेवण दिवेलागणीला, आणि जेवण आणि झोप यांच्यात एक भजन पूर्ण होईल एवढं अंतर. दुपारी बडीशेप चावायची, सकाळी एक मोरावळा. झोपायचं डाव्या कुशीवर. आणि शेवटचं, "खाटंच्या पायाखाली दोन दोन इटा ठिवा." म्हणजे डोक्याकडची बाजू उचलली जाईल, हे तिनं सांगितलं नाही. एवढं तर कुणालाही कळेल, असं तिला वाटलं.

पंधरा दिवसांनी गुरुजी तणतणत आले. जळजळ दुप्पट झाली होती, शिवाय रोज झोपेत डोकं भिंतीवर आपटत होतं. गुरुजींनी विटा पायाखाली ठेवल्या होत्या. म्हणजे जिकडे ते पाय करत होते, तिकडे.

"तुमीच म्हनलात, पायाखाली!" गुरुजी मराठीचे होते, आणि ऐन शिकवण्याच्या आवेशात बोलत होते.

"खाटंच्या पायाखाली, गुरुजी! तुमच्या न्हाई!" आक्कानं कपाळावर हात मारला. "पोरास्नी काय शिकिवता, देव जानं."

विटांनी जागा बदलली आणि गुरुजी महिन्याभरात हसायला लागले. पण मला त्या वेळी कळलं नाही की शब्दांची ही गंमत एक दिवस माझ्या सगळ्या हंड्यांवर पाणी ओतायला निघणार आहे.

त्याआधी ती पश्चात्तापाची गोष्ट सांगून टाकतो. आमच्याकडच्या लग्नांत सनई वाजवायला एक तात्या यायचे. उन्हात त्यांची सनई सुरू झाली की माझ्या चुलीसुद्धा नीट पेटायच्या. एकदा ते चुलीपाशी येऊन म्हणाले, "रंगनाथ, छातीत जळतंय रं." आक्का त्या दिवशी भाकऱ्यांत अडकलेली. मी मोठ्या रुबाबात माठातलं पाणी काढून दिलं आणि वर विनोद केला, "तात्या, आज आमटी तुम्हाला वाजवतीय." ते हसले, पाणी प्यायले आणि परत वाजवायला गेले. दुपारी वाजवता वाजवता खाली बसले. ते पोट नव्हतं, काळीज होतं. जीपमध्ये घालून नगरला नेलं म्हणून जगले. पण त्यानंतर त्यांना सनईपुरता दम कधी आला नाही. मी त्यांच्या घरी गेलो तर उलट तेच माझी समजूत घालत बसले. त्या दिवसापासून माझे तीन प्रश्न ठरले, आणि ते विचारल्याशिवाय माठावरचं झाकण मी उचलत नाही. कळ खांद्यात, हातात, जबड्यात जाते का? अंगाला गार घाम सुटलाय का? चाललं की वाढतं का? यातल्या एकालाही 'हो' आलं, की पाणी नाही, पाला नाही, थेट दवाखाना. ज्याचं रोज जळतं, गिळताना अडतं, त्यालाही डॉक्टरच. माठ हा माठ आहे, धन्वंतरी नव्हे.

आता तिसगावची गोष्ट. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वैशाखातली.

बाबूराव म्हणून एक शेतकरी, भला माणूस, त्याच्या सुमनचं लग्न. नवरदेवाकडची मंडळी कर्जतची. हे लग्न बाबूरावला जिवापाड महत्त्वाचं होतं, कारण सुमनची आधी एक सोयरीक ठरून मोडली होती. साखरपुडा झालेला, पत्रिका छापायला निघालेल्या, आणि तिकडून एका माणसाच्या हाती चार शब्दांची चिठ्ठी आली, "आमची आशा आता सोडा." कारण नाही, काही नाही. त्यानंतर दोन वर्षं गावानं सुमनकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर बाबूराव विसरला नव्हता. आणि तो शब्दही.

सुमन मात्र वेगळं पाणी होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीच्या अंगानं आमच्या चुलींपाशी येऊन बसली आणि आक्काबरोबर धने निवडायला लागली. एका जागी गप्प बसणं तिला ठाऊक नव्हतं.

"आक्का, या बारीला तरी मांडव नीट उतरू दे."

"उतरंल. पन उद्या बाशिंग बांदल्यावर तोंडातनं शबूद काडायचा न्हाई. नवरीनं गप ऱ्हायचं आस्तं."

"आन हसू आलं तर?"

"पदर चाव."

सुमननं तेव्हाच पदर तोंडात धरून पाहिला आणि आक्काकडे बघून भुवया उडवल्या. मला ती पोरगी नाटकात हवी होती, असं वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास कर्जतचं वऱ्हाड ट्रकमधून उतरलं. नवरदेवाचे वडील आप्पा, आडवे तिडवे, पिळदार मिशा, बोलणं अगदी मोजकं. असा कमी बोलणारा व्याही बघितला की मुलीचा बाप आधीच हात जोडतो. वऱ्हाडाला उतरायला जानवसा शाळेत दिला होता. तिथे न्याहारीला पिठलं-भाकरी गेली, पण आप्पांच्या नाकाला येसराचा वास लागला होता. "ती लाल आना," एवढंच बोलले. मी फुशारून गेलो. स्वतःच्या हातानं वाढली. त्यांनी तीन भाकऱ्या कुस्करून ती ओरपली, मग आणखी घेतली, मग नुसतीच प्यायले. वर तीन कप चहा. वर तंबाखू. मग रुंद कमरपट्टा तसाच आवळलेला ठेवून शाळेतल्या बाकावर आडवे झाले. मी वर जे साथीदार सांगितले, ते सगळे ओळीनं त्या एका माणसात जमा झाले होते, आणि आमटी वाढल्याच्या आनंदात मी तिथून शीळ घालत परत आलो.

एकचा मुहूर्त. साडेबाराला नवरदेव मारुतीच्या दर्शनाला गेला. आप्पांचा पत्ता नाही. बाबूराव त्यांना बोलवायला जानवशावर गेला. तिथे जे बोलणं झालं ते मी नंतर दोघांकडूनही ऐकलं आहे, आणि दोघांचं शब्दाला शब्द जुळतं. गंमत तीच आहे.

आप्पा छातीवर हात ठेवून, डोळे मिटून पडलेले.

"आप्पा, मुहूर्त जवळ आला. उठताय ना?"

"न्हाई सोसत आता."

बाबूराव बाकाशी वाकला. "मानपानात काय कमी पडलं का?"

"लई जळतंय."

"कुनावर?"

आप्पांना हा प्रश्नच समजला नाही. नरड्यापर्यंत आलेलं गिळत ते म्हणाले, "सोडा!"

"आप्पा, आसं नका बोलू. काय चुकलं आसंल तर मी पाया पडतो. पोरगी पदरात घ्या."

"आवो, आदी सोडा! पोरीचं मागनं बगू!"

बाबूराव तिथून निघाला तो सरळ आमच्या चुलींपाशी आला. त्याचा फेटा हातात होता. माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आचारी, चुली इझवा. लगीन मोडलं."

हातातला झारा मी हंड्यातच सोडला. मागे त्याचा भाऊ होता, तो कर्जतचा ट्रक अडवायची भाषा करत होता. घरातून बायकांचा सूर निघाला. मी म्हटलं, "बाबूराव, ते नेमकं काय म्हणाले?"

त्यानं सांगितलं. जळतंय म्हणाले, सोडा म्हणाले, पोरीचं मागनं बगू म्हणाले. सांगताना 'सोडा' त्यानं दोनदा म्हटलं.

गोदाआक्का परातीत भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"बाबूराव, सोडा म्हनताना त्येंचा हात कुटं हुता?"

"कुटं म्हंजी? छातीवर."

"उताना पडल्यात?"

"व्हय."

"न्याहारीला काय खाल्लं?"

 याचं उत्तर मला द्यावं लागलं. मी जमिनीकडे बघून म्हणालो, "माझी आमटी. चार वाट्या. पाच असतील."

आक्कानं पिठाचे हात लुगड्याला पुसले. "आरं मुडद्यांनो," ती म्हणाली, "त्यो सोडा मागतोय. खायाचा सोडा! पान्यात घालून प्यायाचा!"

बाबूरावनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती त्याला फसवतेय. दोन वर्षं ज्या शब्दानं झोप उडवली, त्याचा असाही एक अर्थ आहे हे त्याच्या डोक्यात शिरेना. माझी अडचण दुसरीच होती. मला तात्या आठवले होते. मी माठ उचलला, आक्कानं डबा घेतला, आणि आम्ही दोघं उन्हातून शाळेकडे धावत सुटलो.

वाटेत बाबूरावचं घर. दारात सुमन उभी. हळदीनं पिवळी, सोडलेलं बाशिंग हातात. मागे सगळ्या बाया रडत होत्या, तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

"आक्का, खरं काय ते इचारून ये. मागच्या बारीला वडलांनी इचारलंच न्हवतं. खोटा धीर नको आनूस."

"आनते. तवर बाशिंग बांद," आक्का धावता धावताच म्हणाली.

जानवशावर आप्पा तसेच पडलेले, कपाळावर घाम. वैशाखात तिसगावात घाम कुणाला नसतो? मी पाठीमागून त्यांच्या मानेला हात लावून पाहिला. घाम गरम होता. तरी आवाज शक्य तेवढा खाली आणून मी विचारलं, "आप्पा, कळ हातात जाते का? खांद्यात?"

"न्हाई."

"चाललं की वाढतं का?"

"चालताना बरं हुतं. पडलो की वर येतंय. करपट. नरड्याशी." मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या हातात माठ बघून चिडून म्हणाले, "मी सोडा मागितला, कुनी आनीना. कर्जतात एवढ्या येळात घोडा मिळंल!"

मला हसू फुटलं. ते दाबायला मी खोकलो. आक्का मात्र गंभीर होती. तिनं आधी त्यांना उठवून बसवलं, कमरपट्टा सैल करायला लावला. आप्पा लाजले, पण सैल केला, आणि त्यांच्या पोटानं जो सुस्कारा सोडला तो मी ऐकला. मग धन्याजिऱ्याचं गार पाणी, घोट घोट. मूठभर लाह्या, कोरड्या, चावून चावून.

"सोडा न्हाई का?" आप्पांनी पुन्हा विचारलं.

"सोड्यानं ढेकर येतंय, घटकाभर बरं वाटतंय, आन मग हाय तसंच," आक्का म्हणाली. "आनि आप्पा, हात जोडते, ह्यो शबूद आज तिसगावात परत तोंडातनं काडू नका."

"का?"

मग आम्ही सांगितलं. सुमनची आधीची चिठ्ठी, बाबूरावचा फेटा, ट्रक अडवायची भाषा, विझायला निघालेल्या चुली. आप्पा ऐकत गेले. आधी त्यांची मिशी थरथरली, मग मान खाली गेली. एवढा आडवा माणूस एवढासा झालेला मी पहिल्यांदा बघितला. एक मोठा ढेकर देऊन ते उठले. त्या दिवशी त्यांना धन्याच्या पाण्यानं उतार पडला, की उठून बसल्यानं, की पट्टा सुटल्यानं, की नुसत्या लाजेनं, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. पण ते चालत निघाले. अनवाणी. उन्हातून.

बाबूराव मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. आप्पांनी त्याच्या हातातला फेटा घेतला आणि स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर ठेवला. तो वाकडा बसला. मग ते जे बोलले, ते बहुधा त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं भाषण असेल.

"बाबूराव, मी कमी बोलतो ह्ये माझं चुकलं. ही पोरगी माझ्या पोरानं न्हाई, मी पसंत केलीय. मला छातीत जळत हुतं, ते तुमच्या आमटीनं. तुमच्यावर न्हाई."

"आचाऱ्याच्या आमटीनं," बाबूराव म्हणाला. त्या परिस्थितीतही त्यानं माझं नाव बरोबर पुढे ढकललं. मांडव हसला. मी लवून मुजरा केला. प्रेक्षक समोर असताना मला राहवत नाही.

लग्न दीड वाजता उभं राहिलं. एरवी मंगलाष्टकांच्या वेळी आम्ही चुलीपाशी असतो, पंगत पुढे ठाकलेली असते. त्या दिवशी मी आणि आक्का मांडवाच्या कडेला उभे राहिलो. गोष्ट आता मांडवभर झाली होती. कुणी आप्पांकडे बघून हसत होतं, कुणी माझ्याकडे बोट दाखवत होतं. आप्पा खांबासारखे ताठ, कमरपट्टा सैल. बाबूरावचा फेटा तसाच वाकडा, त्यानं तो सरळ करू दिला नाही. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरदेव, दुसऱ्या बाजूला सुमन. डोक्यावर बाशिंग, मान खाली, तोंडात पदर. आक्काचं सांगणं पोरीनं अक्षराला अक्षर पाळलं होतं.

शेवटचं मंगलाष्टक संपलं. शुभमंगल झालं. अक्षता उडाल्या, सनईचा सूर निघाला. भटजी बाहेरगावचे, त्यांना सकाळपासूनचं रामायण काहीच ठाऊक नव्हतं. अंतरपाट धरलेले दोघं जण सनई ऐकण्याच्या नादात तो घट्ट धरून तसेच उभे होते. भटजींनी त्यांच्याकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सोडा! अहो सोडा आता!"

सनई थांबली. अक्षता फेकायला उचललेले हात वरच राहिले. त्या दोघांनी अंतरपाट सोडायच्या ऐवजी आणखी घट्ट आवळला. बाबूरावनं डोळे मिटले, आप्पांचा हात आपोआप छातीकडे गेला, आणि त्या चिडीचूप मांडवात अंतरपाटाच्या पलीकडून सुमनचा आवाज आला:

"आगं बया! आता आनि कुनाच्या छातीत जळतंय?"